फॉर्मऐवजी चहा

४ मार्च, सोमवार

निधीच्या कचेरीतून पहिलं बाड आलं. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी धरून आणलं आणि विचारलं, तुझ्या बायकोने, मेन्नाने फरशी मागवली काय रे? म्हटलं, अर्ज आहेत बाबा, खोऱ्यातल्या मंडळांचे. तो माझ्याकडे बघत राहिला, परीक्षेला निघालेल्या पोराकडे बघावं तसा.

असं काम आयुष्यात पहिल्यांदा अंगावर आलंय, म्हणून लिहून ठेवतो. पाटीच्या दगडाच्या खाणीचा शेवटचा मालक होता, त्याची बायको प्रॉसरबाई. जाताना ती पैसा ठेवून गेली, तोच हा निधी; त्याच्या व्याजातून आमच्या या वेल्श खोऱ्यातल्या मंडळांना दरवर्षी मदत करायची. वाटप करणारे विश्वस्त आजवर सगळे शिकलेले, खोऱ्याबाहेरचे. यंदा त्यांना वाटलं, एखादा माणूस इथला हवा. मग मी. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. पुढे जे शिकलो ते शेवटच्या थांब्यावर बस उभी करून, पुस्तक स्टिअरिंगला टेकवून. अजूनही खोऱ्यात मला 'ग्विलिम बस' म्हणतात. प्रत्येक वळण आणि वळणावरचं घर मला ठाऊक आहे, एवढीच माझी पदवी.

पहिला अर्ज पेन्त्रेलासच्या बँडचा. त्यांना एक तुतारी दुरुस्त करून हवी आहे. एवढं समजायला शेवटून तिसरं पान उजाडलं.

७ मार्च, गुरुवार

बसवत नाही. लोकांना वाटतं, बसवाल्याला बसायची सवय असणार. पण काचेपलीकडे जग हलत असलं तरच मला बसता येतं. कागद हलत नाहीत.

चार श्वास घ्यायला खाटकाकडे गेलो, तर तिथे एर्लिस. आम्ही एका वर्गातले. वरच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये ती मंगळवारी आणि गुरुवारी खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना गरम जेवण घालते. त्यातल्या निम्म्यांना माणसांत बसून घास घ्यायला मिळतो तो तेवढाच. गॅस आणि मटण निधीच्या पैशातून येतं.

मी विश्वस्त झाल्याचं तिला कळलं होतंच. सगळ्यांदेखत तिने माझी हजेरी घेतली. म्हणाली, तुमच्या निधीचं म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर. गेल्या वर्षी फॉर्ममध्ये विचारलं होतं, उपक्रमातून बाहेर पडून स्वावलंबी झालेल्यांची संख्या किती? तिने लिहिलं, चार. चौघेही चॅपलच्या आवारात निजलेत, कुणाकडे काही मागत नाहीत. कचेरीचं उत्तर आलं, कृपया पुरावा जोडावा.

दुकान हसलं. ती हसली नाही. पुडकं पिशवीत टाकत म्हणाली, "येत्या हिवाळ्यासाठी मी अर्ज भरणार नाही, ग्विलिम. एक तर रांधीन नाहीतर अर्ज भरीन. दोन्हीला मिळून कंबर एकच आहे, आणि तीही कुरकुरतेय."

म्हणजे जेवण बंद. मी तिथल्या तिथे शब्द दिला की यंदा तिला फॉर्म भरावा लागणार नाही. खाटकाने ऐकलं, म्हणजे खोऱ्याने ऐकलं.

२१ मार्च, गुरुवार

निधीची बैठक. अध्यक्ष वॉनसाहेब वकील आहेत. उंच, सभ्य, बोलायच्या आधी चष्मा पुसतात. मी विचारलं, एवढे प्रश्न आले कुठून? ते खरं बोलले. सुरुवातीला एकच कागद होता. मग कुणा मंडळाने पावती हरवली, तर पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना पावत्यांचा प्रश्न. कुणी घेतलेल्या खुर्च्या विकून टाकल्या, तर सगळ्यांना खुर्च्यांचा. एकाने चुकायचं आणि ओझं सगळ्यांनी वाहायचं. चढवलेलं ओझं मग कुणी उतरवलं नाही.

आणि हे सगळं वाचतं कोण? वॉनसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. पहिलं पान आणि शेवटचं, म्हणाले. मधली पानं कचेरीतली बाई बघते, रिकामी नाहीत ना, एवढंच. आणि तेवढ्यातच तिचा उन्हाळा जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि तो वाटायचा देणाऱ्यानेही, घेणाऱ्यानेही.

मग मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, अर्जच नको. मी प्रत्येकाकडे चहाला जातो, डोळ्यांनी बघतो आणि एक पान मीच लिहून आणतो. त्यांनी काही म्हणजे काही करायचं नाही.

बरीच चर्चा झाली. शेवटी वॉनसाहेब म्हणाले, "सप्टेंबरच्या बैठकीपर्यंत करून बघा. नाही जमलं तर जुना फॉर्म परत येईल. मग तो तुमच्या एर्लिसबाईंनाही भरावा लागेल, हे लक्षात असू द्या."

घरी येऊन मेन्नाला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "म्हणजे तुला तुझा रूट परत मिळाला." तिला माझं कौतुक वाटतं, पण बायको सरळ बोलणाऱ्यातली नव्हे.

९ एप्रिल, मंगळवार

पहिली भेट, बँडची. आठवडाभर आधी फोन केला होता: चहाला येतो, काही करू नका.

हॉल आरशासारखा लखलखीत. भर मंगळवारी दुपारी सगळे गणवेशात. तीन गाणी वाजवली, मग टेबलाकडे नेलं. हॅमची सँडविच, तव्यावरचे गरम वेल्श केक, मनुकांचा पाव, आणि लिंबाचा केक, ज्यावर माझा जीव. काय योगायोग. दुसऱ्या कपाबरोबर तुतारी दाखवली. तिची नळी चिरलीय, हे बघताक्षणी कळलं. जे एवढ्या पानांत कळलं नाही ते एका नजरेत.

घरी येऊन पान लिहिलं. आपलं खोरं इतकं नीटनेटकं आहे हे मला माहीत नव्हतं. बसमधून नुसतं बाहेरूनच दिसायचं.

३० एप्रिल, मंगळवार

दर आठवड्याला दोन-तीन भेटी. गाडी काढली की अंगातली कळ जाते. लोक दारात उभे असतात, हात हलवतात.

नाटक मंडळाच्या दाराला कोटाची बाही लागली. रंग ओला होता. मेन्नाने टर्पेंटाइनने डाग काढता काढता विचारलं, रंग कधी दिला म्हणे? मला कसं ठाऊक असणार. विणकाम मंडळाने पियानो सुरात लावून घेतला होता. विणणाऱ्यांना पियानो कशाला लागतो, ते विचारायचं राहिलं. दोन्हीकडे लिंबाचा केक. यंदा खोऱ्यात लिंबं स्वस्त असावीत.

१६ मे, गुरुवार

विजारीचं बटण तुटलं. डॉक्टर ओरडले.

बाहेरून घरी फोन लावला तर सारखा गुंतलेला. मी आत आलो की मेन्ना रिसीव्हर ठेवते. कोण होतं विचारलं तर म्हणाली, "पुढच्या मंगळवारचे." मंगळवारी तिचं काय आहे कोण जाणे, कॅलेंडरवर तर फक्त माझी भेट आहे.

६ जून, गुरुवार

आज आया आणि लहान मुलांच्या मंडळात गेलो. खेळणी फळीवर उंचीप्रमाणे मांडलेली. चार आया नीट कपडे करून बसलेल्या. मुलं कुठायत विचारलं, तर एकीने हसून सांगितलं की या आठवड्यात मंडळ भरवलंच नाही, तुम्ही येणार म्हणून खोली आवरायची होती ना. तिने स्वतः कामावरून रजा काढली होती. केक उत्तम होता.

रात्री पान लिहायला घेतलं. 'मुलं रमलेली दिसली' असं लिहिण्याच्या ओघात लिहून गेलो, मग खोडलं. एकही मूल दिसलं नव्हतं.

उठून फाटकापर्यंत चार फेऱ्या मारल्या. काहीतरी टोचतंय, पण बुटात खडा कुठल्या बाजूला आहे ते सापडत नाही.

२३ जून, रविवार

चॅपलहून परतताना मेन्ना आपणहून म्हणाली, एर्लिसकडे नको जाऊस. मी म्हटलं, सगळ्यांकडे गेलो आणि तिच्याकडे नाही, तर वॉनसाहेब म्हणतील वर्गातलीला सूट दिली. मग निदान न कळवता जा, म्हणाली. न कळवता कुणी कुणाच्या दारात जातं का, आपण काय रानटी आहोत? तिने हातमोजे अशा झटक्याने काढले की शिवण उसवली.

११ जुलै, गुरुवार

एर्लिसची भेट झाली. फार चांगली झाली, असंच लिहायला हवं.

टेबलावर पांढऱ्या चादरी. म्हातारी मंडळी रविवारच्या काळ्या कपड्यांत, ताठ बसलेली. खाणीतून निवृत्त झालेला थोरला इथेल तर टाय लावून. नेहमी त्याला सूप सांडायची मुभा असते, आज त्याने चमचा उचललाच नाही. जेवणाआधी चार आवाजांत भजन. चिनी मातीचे निळे कप चॅपलच्या वरच्या कपाटातले, बाहेरगावचा उपदेशक आला तरच खाली उतरतात. एर्लिसने केस बसवून घेतले होते. तिला दोनदा म्हटलं, बस की जरा माझ्याजवळ. म्हणाली, बसते हं, आणि भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेली.

निरोप घेताना मी म्हटलं, बघ, फॉर्म नाही, काही नाही. झालं ना सोपं? ती म्हणाली, हो रे बाबा. उंबऱ्यापर्यंत सोडायला आली नाही, ते तेवढं खटकलं.

१३ जुलै, शनिवार

एर्लिस पडली. काल, ते निळे कप परत वरच्या कपाटात ठेवताना, शिडीवरून. खुब्याचं हाड मोडलंय. शस्त्रक्रिया झाली.

हॉलच्या दारावर चिठ्ठी लावलीय, जेवण पुढील सूचनेपर्यंत बंद.

१४ जुलै, रविवार

चॅपलला गेलो नाही. मेन्नाला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती समोर बसली आणि सगळं सांगितलं, न ओरडता. मार्चपासून प्रत्येक मंडळाचा फोन तिला येत होता. ग्विलिमला काय आवडतं, साखर किती, कुठल्या खुर्चीत पाठ दुखत नाही, भजन कुठलं म्हणावं. लिंबाचा केक तिनेच सांगितला होता. निदान एकच पदार्थ सांगितला तर बायकांचा त्रास कमी होईल, असं तिला वाटलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तुझ्या पद्धतीने नाही सांगितलं, माझ्या पद्धतीने सांगितलं. आणि खरं सांगू? किती वर्षांनी तू शीळ घालत घरी येत होतास. ते बंद करायला जीव धजेना."

लोकांना फॉर्मच्या आगीतून काढून मी फुफाट्यात घातलं. आणि वर त्यांच्याच घरचा केक खाल्ला.

१८ जुलै, गुरुवार

हॉस्पिटलात गेलो. फुलं घेतली, मग वाटलं फुलं बघून ती आधी फुलदाणी शोधायला लागेल; गाडीतच ठेवली.

एर्लिस पडून होती, केस विस्कटलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं. म्हणाली, "फॉर्मचं एक बरं होतं, ग्विलिम. तो झगा घालून भरता यायचा. तुझ्यासाठी केस बसवावे लागले."

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, मी काही करू नका म्हणालो होतो गं. तिने उशीवरून मान वळवून पाहिलं. "ज्याच्या हातात पैशाची पिशवी असते तो काही करू नका म्हणाला, तर माणूस दुप्पट करतं. तू काय या खोऱ्यात नवा आलायस?"

मग कसं करायचं, मी विचारलं. तुमचं बरं चाललंय की नाही हे आम्हाला कळायचं कसं? त्यावर ती चिडलीच. दर जानेवारीत चॅपलच्या सभेत ती उभी राहून जेवणाचा सगळा जमाखर्च वाचते. किती माणसं आली, काय बिघडलं, मटण का महागलं. थोरला इथेल तर तिला दर वर्षी घाम फोडतो. तसं प्रत्येक मंडळ आपल्या माणसांपुढे वाचतंच. पुस्तिका छापतात, बाकावर पडलेल्या असतात. "त्यांच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. तुझ्यापुढे येतं. तरी तुम्हाला वेगळं लिहून हवं असतं, वेगळं दाखवून हवं असतं."

निघताना विचारलं, हिवाळ्यात जेवण सुरू करशील ना? ती छताकडे बघत म्हणाली, अर्ज नसेल आणि पाहुणा नसेल, तर बघू. पण मोठी पातेली आता मला उचलणार नाहीत.

४ ऑगस्ट, रविवार

चॅपलच्या बाकावरून पुस्तिका घरी आणली. मग बँडकडून त्यांची, विणकामवाल्यांकडून त्यांची. फोनवर प्रत्येकजण आधी घाबरला: परत येताय? नाही नाही, पोस्टाने पाठवा, म्हटलं. पलीकडून सुटकेचा श्वास चांगला ऐकू येतो. इतके दिवस मी ऐकला कसा नाही.

वाचत बसलो. बँडच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय, तुतारी खाली पाडली कुणी, आणि त्याने क्षमा मागितली की नाही. आमच्या फॉर्ममध्ये आणि माझ्या पानात, दोन्हींत हे नव्हतं.

तरी चैन नाही. सप्टेंबरला वॉनसाहेब म्हणणार, तुमचा प्रयोग फसला, फॉर्म परत. आणि फसलाच आहे. काय तोंडाने बोलू? दिवसभर घरात फिरतो. मेन्ना म्हणाली, एक तर बस, नाहीतर बागेतलं गवत काप. गवत तीनदा कापून झालंय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

बैठक झाली.

आधी माझी भरलेली सगळी पानं पुढे ठेवली आणि सांगितलं, यांतलं एकही खरं मानू नका. लबाडी कुणी केली नाही. प्रेमाने केलं, आणि मी ते पोटभर खाल्लं. मग पुस्तिका ठेवल्या. म्हटलं, ज्यांना आपण वर्षानुवर्षं ओळखतो त्यांच्याकडे काही मागायचं नाही. मदत एकदा मंजूर केली की पाच वर्षं चालू. आपल्या माणसांपुढे ते जे वाचतात त्याचीच एक प्रत आपल्याला पाठवायची. नव्याने येईल त्याच्यासाठी एकच कागद. आणि आपल्यापैकी कुणी चहाला जायचं नाही.

वॉनसाहेबांनी चष्मा पुसला. "आणि कुणी फसवलं तर?"

मी म्हटलं, "तर एकाकडून तेवढे पैसे जातील, साहेब. त्याच्यापायी बाकीच्यांचा उन्हाळा का जावा? आपल्या कचेरीतल्या बाईंचाही."

ती बाई टिपणं घेत होती. तिचा पेन थांबला.

पाच वर्षांची तीन झाली. वकील माणूस, काहीतरी कापल्याशिवाय राहत नाही. पण मंजूर झालं. एर्लिसचं नाव यादीत पहिलं.

मग जिन्यात वॉनसाहेबांना गाठून सांगितलं की मी एर्लिसच्या स्वयंपाकघरात पातेली उचलायला जाणार आहे. ते हळहळले, पण स्पष्ट बोलले. पैसे देणारा आणि घेणारा, टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसवता येत नाही. एक बाजू सोडा.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आठवडाभर ठरेना. मी गेलो की माझ्या खुर्चीत कोण येईल? एखादा शिकलेला येऊन म्हणेल, फक्त एक प्रश्न वाढवू या. ओझं असंच चढतं. आत राहून अडवायला हवं, असं सकाळी वाटतं. दुपारी वाटतं, आत राहायचा मोह त्या हात हलवणाऱ्या लोकांचा तर नाही? मेन्नाला विचारलं. ती म्हणाली, मला विचारू नकोस, मी सांगितलेलं तुला ऐकू येत नाही.

संध्याकाळी राजीनामा टाकला. पेटीत पडल्याबरोबर परत काढावासा वाटला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज हॉल उघडला.

एर्लिस काठी घेऊन आली आणि चुलीशेजारी खुर्चीत बसली. तिथून हुकूम सोडत होती. साल जाड काढतोस, अर्धा बटाटा डुकराला जातोय. पातेलं असं नाही धरायचं. मीठ कोण घालणार, तुझी बस? दोन तास उभा होतो. चालवायला काही नाही, काच नाही, नुसती वाफ. आणि पाय हलले नाहीत.

चादर नव्हती. थोरला इथेल सपाता घालून आला होता. मी ताट पुढे ठेवलं तर त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. दोन घास घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बटाटे कच्चे आहेत. कुणी शिजवलेत?"

मी म्हटलं, मी.

"मग बस चालव."

सगळं टेबल हसलं. सूप सांडलं, पुसलं. एप्रिलपासून या खोऱ्यात एवढ्या ठिकाणी जेवलो, पण कुणी माझ्यासमोर एकाही गोष्टीला नाव ठेवलं नव्हतं. मी भांड्यांकडे वळलो.

शेवटचं पातेलं घासून झालं तेव्हा एर्लिस कोट घालत होती. कसं झालं, मी विचारलं. तिने काठीने पातेल्याच्या बुडाला राहिलेला डाग दाखवला आणि म्हणाली, "गुरुवारी अर्धा तास लवकर ये. बटाटे आधी चढवायचे असतात."